गटारात उतरणाऱ्याला विचारलं का?

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा. तरी आपली माणसं गटारात गुदमरून मरतात. मग यंत्रं येतात, हातमोजे येतात. ते ठरवतं कोण? मॅनहोलचं झाकण ज्यांनी कधी उचललं नाही ते! वस्तीच्या बोळात गाडी शिरत नाही, जाड हातमोज्यात पकड राहत नाही. वर ठपका कामगारांवरच : 'दिलेलं वापरत नाहीत.' वा रे न्याय! अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व अस्पृश्यच करू शकतात, हे बाबासाहेबांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीला ठणकावलं होतं. आम्ही यंत्राबाबतही तेच मागतो. आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून सफाई कामगार हवेत, त्या दिवसाच्या मजुरीसह. आणि निकामी यंत्र नाकारण्याचा अधिकार त्यांना द्या. टेंडरच्या अटींतच तसं लिहा.