काळ्या पिशवीतला ग्राहक

मंडळी, आजचा विषय व्हिस्की. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नको असेल त्यांना इथूनच परतता येईल. आमच्या नात्यातली निम्मी माणसं इथलं लिखाण वाचतात हे मला ठाऊक आहे (आत्या, नमस्कार!). तरीही लिहितोय, कारण माझं भांडण व्हिस्कीशी नाहीच. ते ती लपवण्याशी आहे.

मी दर्दी वगैरे अजिबात नाही. महिन्यातून एखादा-दुसरा शनिवार, दोन पेग, बास. वर्षाला चार-पाच बाटल्या विकत घेणारा साधा नाशिककर. माझ्यासारखे भरपूर आहेत, आणि आमच्याइतका अडाणी ग्राहक अख्ख्या बाजारात दुसरा सापडणार नाही. आता माझं म्हणणं असं, की हा अडाणीपणा आपोआप आलेला नाही. तो नीट जपलेला आहे. घरच्यांनी लाजेपोटी, सरकारनं सोयीपोटी, कंपन्यांनी फायद्यापोटी आणि जाणकार म्हणवणाऱ्यांनी तोऱ्यापोटी.

भाषेपासूनच बघा ना. मराठी माणूस चहा पितो, ताक पितो, उसाचा रस पितो. व्हिस्की मात्र तो 'घेतो'. 'ते घेतात का हो?' असं लग्न ठरवताना हळू आवाजात विचारतात. मित्र मित्राला 'आज बसायचं का?' म्हणतो, आणि कशाला बसायचं ते कुणी विचारत नाही. ज्या गोष्टीसाठी आपल्याकडे सरळ क्रियापदसुद्धा नाही, तिच्या चवीसाठी शब्द कुठून असणार? 'कशी आहे?' विचारलं की उत्तरं दोनच. 'स्मूथ आहे' किंवा 'लागते'. संपला रसास्वाद.

मग ती विकत घ्यायची कुठे? वाईन शॉपमध्ये. (नाव वाईनचं, काउंटरवर गर्दी क्वार्टरवाल्यांची. वाईनच्या राजधानीत राहून हा विनोद आपल्याला विनोद वाटेनासा झाला आहे.) तिथे जाळीच्या आत हात घालायचा, ब्रँडचं नाव पुटपुटायचं, पैसे सरकवायचे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काळ्या पिशवीत घालून निघायचं. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. काळ्या पिशवीला मात्र तिची झळ फारशी लागलेली दिसत नाही. मागे रांग असते, शेजारचे काका दिसतील ही धास्ती असते. अशा जागी 'यात आणि त्यात फरक काय हो?' हे विचारायची कुणाची छाती आहे?

आणि हे कुणाच्या बाबतीत? तर आपल्या! द्राक्षांच्या गाडीवर एक मणी तोंडात टाकून 'आंबट आहेत हो' म्हणत पाच रुपये कमी करणारे आपण. चिवड्याची चिमूट हातावर घेतल्याशिवाय पावशेरसुद्धा न बांधून घेणारे आपण. तेच आपण दोन-तीन हजारांची बाटली चव सोडा, नीट न बघता घरी आणतो. माल्टच्या छोट्या बाटल्या सहज मिळत नाहीत. चाखायची तर आख्खा खंबा घ्या, नाहीतर हॉटेलात एका पेगला त्याच्या निम्म्याच्या आसपास मोजा. मग माणूस काय करतो? जाहिरात, खोका आणि किंमत बघून घेतो. महाग म्हणजे चांगली, एवढं एकच शास्त्र त्याच्याकडे उरतं.

आता ह्याच्या शेजारीच वाईनचं काय चाललंय ते बघा. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, सवलती दिल्या. २००५ मध्ये सुलानं गंगापूर धरणाच्या बाजूला वाईन चाखायची खोली उघडली. तिथे माणूस तुम्हाला ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, कुठली वाईन कुठल्या द्राक्षाची, सगळं समजावून सांगतो. आपल्या ओळखीतल्या सोवळ्यातल्या मावश्यासुद्धा तिथे जाऊन फोटो काढून आल्या. कुणाला काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नाही. चाखून, विचारून घेतलं म्हणून नाशिक काही बुडालं नाही.

आणि इथून साधारण पंचवीस किलोमीटरवर दिंडोरी. तिथे पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीची डिस्टिलरी आहे, आणि २०२२ च्या शेवटी तिथेच बनलेली 'लॉन्जिट्यूड ७७' नावाची सिंगल माल्ट बाजारात आली. भारताच्या मधून जाणाऱ्या ७७ अंश पूर्व रेखांशावरून हे नाव. (तो रेखांश दिंडोरीतून जात नाही हो, अकोल्यावरून जातो. दिंडोरी ७४ च्याही अलीकडे. पण असो.) आपल्या जिल्ह्यात माल्ट बनते हे किती नाशिककरांना माहीत आहे? शनिवार-रविवारी वाईन बघायला आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. 'दिंडोरीला माल्ट कशी बनते ते बघायला चाललोय' म्हणणारा मला अजून एकही भेटलेला नाही.

बरं, बाटलीत असतं काय? आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या स्वस्त मालापैकी बऱ्याच मालात मुख्य ऐवज असतो तो तटस्थ मद्यार्क. तो धान्यापासून निघतो, तसाच उसाच्या मळीपासूनही निघतो. त्यात थोडी माल्ट, कधी थोडी आयात केलेली स्कॉच, आणि रंगासाठी कॅरामल. युरोपात व्हिस्की म्हणायचं तर ती धान्याचीच हवी आणि लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी. मळीच्या मद्यार्काला तिथे व्हिस्की म्हणताच येत नाही. मळीची दारू वाईटच असते असं मी म्हणत नाही. रम मळीचीच असते आणि मानानं रम म्हणून विकली जाते. माझं म्हणणं एवढंच, की मी काय पितोय ते मला मोठ्या अक्षरात सांगा.

लेबलवर काय असतं? '४२.८ टक्के' आणि त्याच्या शेजारी '२५ यू.पी.'. हा इंग्रजांच्या जमान्यातला हिशेब. त्यांची शंभर प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याहून २५ अंश खाली म्हणजे पंचाहत्तर प्रूफ, म्हणजे ४२.८. साहेब गेला, त्याच्या देशानं प्रूफ सोडलं, आपण लेबलवर अजून मिरवतोय. पण माल्ट किती टक्के, मद्यार्क धान्याचा किती, मळीचा किती? मी चष्मा लावून जेवढ्या बाटल्या फिरवून पाहिल्या त्यातल्या एकीवरही माल्टचा आकडा नव्हता.

हा फरक सरकारला कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, त्याच वेळी 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवीन प्रकार काढला आणि तो धान्याधारितच असावा असं ठरवलं. १८० मिलीचे किमान दरही ठरले: देशी ८० रुपये, हा नवा प्रकार १४८, विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. म्हणजे धान्य की मळी हे करासाठी कळतं, बाटलीच्या दर्शनी भागावर छापायचं मात्र सुचत नाही. तिजोरीत भर घालताना मी ग्राहक, आणि माहिती मागताना मी बेवडा. असं कसं चालेल?

परवान्याची गंमत तर विचारूच नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपण अजून राहतो. दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून तर आपल्याकडे बारला 'परमिट रूम' म्हणतात. परवान्यामागची मूळ कल्पना अशी, की तब्येतीसाठी ज्याला दारू लागते त्याला सवलत द्यावी. म्हणजे पिणारे आपण सगळे कागदोपत्री पेशंट! वयाची अट २५. आमदारकीला उभं राहायचं किमान वयही २५ च. हा योगायोग कुणी साधला असेल त्याला माझा सलाम.

आता दुसरीकडच्या मंडळींकडे वळतो. हे म्हणजे जाणकार. 'पाणी घातलंस? अरेरे!', 'अठरा वर्षांच्या खालची मी शिवत नाही.' यांच्यामुळे साधा माणूस विचारायचाच बंद होतो. म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडतील. एक, स्कॉटलंडचे ब्लेंडर स्वतःच वास पारखताना व्हिस्कीत पाणी घालून ती साधारण २० टक्क्यांवर आणतात, कारण तीव्र मद्यार्कात नाक बधिर होतं. तेव्हा पाणी बिनधास्त घाला. दोन, वयाचा आकडा हवामानावर अवलंबून असतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं, बंगळुरूत १० ते १२ टक्के. अठरा वर्षं ठेवलं तर पिंपात उरणार काय? म्हणूनच बंगळुरूच्या अमृतची माल्ट कमी वयाची असूनही २००४ साली थेट ग्लासगोत जाऊन उभी राहिली, आणि २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरेनं अमृत फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक दिला. अमृतवाल्यांचं आडनाव जगदाळे. गोव्याच्या कुंकळ्ळीतून पॉल जॉन येते. आपले परदेशातले भाऊबंद मात्र दर वेळी विमानतळावरून तोच एक स्कॉचचा खोका उचलून आणतात, आणि तो कपाटात साड्यांच्या मागे पाच वर्षं पडून राहतो. (दादा, हे तुला नाही. बरं, तुलाच.)

'दारूचं उदात्तीकरण करतोस' असं आत्या म्हणणार. तिच्या म्हणण्यात खोट नाही. दारूनं बुडालेली घरं मीही पाहिली आहेत. २०१५ साली मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. कुठल्याही प्रमाणातलं मद्य निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं, आणि माझे दोन पेग त्याला अपवाद नाहीत. ज्यांना नको त्यांनी घेऊ नये. ज्यांना थांबता येत नाही त्यांनी तर वासही घेऊ नये.

पण एक लक्षात घ्या. महाराष्ट्रात दारूबद्दल सगळ्यात उघडपणे कोण बोललं? गावोगावी 'आडवी बाटली'ला मतं देऊन दुकानं बंद पाडणाऱ्या बायका. त्यांनी नाव घेऊन, चौकात उभं राहून, मतदान करून सांगितलं. कुजबुज केली नाही. कुजबुज ही आपली, पांढरपेशांची. तिनं एकही पेग कमी झालेला नाही. उलट लपून प्यायची सवय लागलेला माणूस घाईघाईनं पितो, उभ्याउभ्या पितो, किती झाली ते मोजत नाही, आणि घरी बडीशेप चघळत येतो. कमी प्यायला उजेड लागतो.

आमचा तिघा मित्रांचा एक साधा प्रकार आहे. वर्गणी काढून एक नवीन बाटली आणायची, सोबत घरातली एक ओळखीची. प्रत्येकाला दोन्हीतली तीस-तीस मिली, ग्लासांना फक्त नंबर. आधी नुसती, मग पाणी घालून. जे वाटेल ते मराठीत सांगायचं. 'स्मूथ' म्हणायला बंदी. मग एकाला जळकं लाकूड सापडतं, एकाला काकवी, एकाला आजोळच्या माळ्यावरचा वास. महागडी कुठली ते ओळखता आलं नाही असं बऱ्याचदा होतं. साठ मिलीत संध्याकाळ सरते, आणि बाटली तीन महिने पुरते. हे आम्ही दिवाणखान्यात करतो, दिवा लावून, मुलं अवतीभवती असताना. त्यांना पेला मिळत नाही, उत्तरं मिळतात.

घरातल्या मोठ्यांना सांगायचं ते हेच. पोरांना सगळं कळतं हो. बडीशेपेचा वास कशाचा, साड्यांच्या मागे काय, 'बाबा बसलेत' म्हणजे काय. आपण गप्प राहून त्यांना दारूपासून लांब ठेवत नाही, फक्त ती लपवायची कशी ते शिकवतो. एक दिवस ती पिशवी त्यांच्या हातात येईल, तेव्हा विचारायला घरात कुणी असावं. मला तरी वाटतं, तो माणूस मी असावा.

सरकारकडून हवंय ते फार नाही. बाटलीवर मळी की धान्य ते ठळक छापा, माल्ट किती टक्के ते लिहा, चांगल्या मालाच्या ६० मिलीच्या बाटल्या दुकानात येऊ द्या. नातेवाइकांकडून हवंय ते त्याहून कमी. दिवाळीला याल तेव्हा ती कपाटातली बाटली बाहेर काढा. पाणी मी आणतो. आत्या, तुझ्यासाठी कोकम सरबत.