बिनपगारी उमेदवारी आणि वाहतुकीचे धोरण

मंत्रालयांतील इंटर्नशिप हा सुखवस्तू पदवीधरांचा प्रश्न आहे, कामगार चळवळीने त्यात वेळ का दवडावा, असा सूर आपल्यातीलच काही कॉम्रेड लावतात. वरवर पाहता ही भूमिका वर्गीय वाटते. वस्तुतः तीत मूळ वर्गीय प्रश्नाकडेच पाठ फिरवलेली आहे.

नियोजन आयोग मोडीत काढून १ जानेवारी २०१५ रोजी निती आयोग उभा करण्यात आला. याच आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये सहा लाख कोटी रुपयांची सार्वजनिक मालमत्ता वापरासाठी खासगी भांडवलाकडे सोपवण्याचा आराखडा मांडला. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा रस्ते आणि रेल्वे यांचा होता. अशा ठिकाणी धोरणाचे धडे घेण्यासाठी विद्यार्थी घेतले जातात. त्यांच्यासाठी केलेली नियमावली कॉम्रेडांनी अवश्य वाचावी. मुदत सहा आठवडे ते सहा महिने; मानधन नाही; लॅपटॉप स्वतःचा आणावयाचा; पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत किमान ८५ टक्के गुण हवेत. दिल्लीतील खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे सांगण्याची गरज नियम करणाऱ्यांना वाटलेली नाही. तो बापाने सोसावा हे गृहीतच आहे. हुबळीच्या आगारातील वाहकाची मुलगी अर्थशास्त्रात कितीही तरबेज असो, ती या दारापर्यंत पोहोचणार नाही. तिला कोणी नाकारलेले नसते; अर्ज करणेच तिला परवडत नाही.

अनुभव हेच वेतन, असा युक्तिवाद केला जातो. मग २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचे काय? पाचशे बड्या कंपन्यांत उमेदवारी करणाऱ्या तरुणाला महिना ५,००० रुपये. पैकी ४,५०० सरकारी तिजोरीतून, कंपनीचे फक्त ५००. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मक्तेदारांच्या कचेरीतील उमेदवारासाठी तिजोरीत पैसा आहे, स्वतःच्या कचेरीतील विद्यार्थ्यासाठी मात्र प्रमाणपत्र पुरेसे. अमेरिकेच्या व्हाइट हाउसलासुद्धा २०२२ साली आपल्या इंटर्नांना पैसे देणे भाग पडले, आणि ते काही समाजवादाचे माहेरघर नव्हे.

वर्कशॉपमधील उमेदवाराची स्थिती याहून वेगळी, पण सुखाची नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने त्याला स्टायपेंड मिळतो; मात्र तोच कायदा त्याला कामगार मानीत नाही आणि मालकावर पुढे नोकरी देण्याचे बंधन घालीत नाही. २० मार्च २०१८ रोजी रेल्वेतील उमेदवारी पुरी केलेल्या तरुणांनी माटुंगा-दादर दरम्यान लोहमार्ग अडवला, तो याच कारणाने. रेल्वेच्या नोकरभरतीत त्यांना ठरवून दिलेला २० टक्क्यांचा वाटा त्यांना मान्य नव्हता.

आता कायदे करण्याकडे पाहू. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) नुसार, निष्काळजीपणाने अपघात करून कोणाचा जीव गेल्यावर, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. जमाव ठेचून मारील या भीतीने चालक पळतो, हे ट्रकच्या कॅबिनमध्ये एक रात्र काढलेल्या कोणालाही ठाऊक असते. जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी ट्रक उभे केले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा सरकार चर्चेला आले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. मसुदा इंटर्नांनी लिहिला असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु उद्या मसुदे लिहिणारे हात आज याच बिनपगारी वर्गातून तयार होत आहेत, आणि त्या वर्गात चालकाच्या घरचे कोणी बसलेले नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी: केंद्रात व राज्यांत प्रत्येक सरकारी इंटर्नला राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढे मानधन, प्रवेशात आरक्षण, आणि वाहतूक धोरण शिकणाऱ्याने निम्मा काळ आगारात, लोको शेडमध्ये, माल धक्क्यावर काढण्याची अट. विद्यार्थी आघाडी आणि वाहतूक कामगारांच्या युनियन यांनी ती एकत्रितपणे मांडावी. नुसती विद्यार्थ्यांची म्हणून मांडली तर मंत्री निवेदन घेऊन फोटो काढतील, एवढेच.