खेळाडू, खिलाडू आणि ‘देपोर्तिस्ता’

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे नाव १ ऑगस्ट २०२४ रोजी जगापुढे आले. त्या दिवशी या गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. स्पॅनिश शिकणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने त्यांच्याविषयी चार ओळी लिहावयास घेतल्या, तर विशेषणापाशीच त्याची लेखणी अडखळेल. इंग्रजीतला ‘स्पोर्टी’ हा शब्द माणसाला, बुटाला आणि मोटारीलाही चालतो. स्पॅनिश इतकी उदार नाही.

नियमित खेळणारी व्यक्ती म्हणजे ‘देपोर्तिस्ता’. शब्द आकारान्त असला तरी स्त्री-पुरुष दोघांना हाच लागतो. वस्तू व संस्था यांच्यासाठी ‘देपोर्तिवो’, आणि तो मात्र नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. खेळाचे कपडे म्हणजे ‘रोपा देपोर्तिवा’, तर वेगवान मोटार ‘कोचे देपोर्तिवो’. हेच दुसरे विशेषण माणसाला लावले, तर रोख बहुधा त्याच्या वृत्तीकडे असतो: हार मोकळेपणाने स्वीकारणारा, नियम पाळणारा. मराठी कानाला हा भेद परका वाटू नये. आपल्याकडे साहित्य ‘क्रीडासाहित्य’ असते, माणूस ‘खेळाडू’ असतो आणि वृत्ती ‘खिलाडू’. खेळाडू असूनही खिलाडू नसलेली माणसे प्रत्येक मैदानावर भेटतात!

तिसरा शब्द ‘आत्लेतिको’. तो पिळदार, चपळ देहाचा आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात उतरणाऱ्या मल्लाला तो शोभेल. नेमबाजाला तो सहसा लावू नये. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि अखेरीस उभे राहून नेम साधणाऱ्याचे कसब शरीर निश्चल ठेवण्यात असते. देहाच्या घडणीवरून ते दिसत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. नेमबाजीच्या खेळाला स्पॅनिशमध्ये ‘तीरो देपोर्तिवो’ म्हणतात. ज्या घरांत शस्त्राचा उच्चारही जपून होतो, तेथे हे विशेषण दिलासा देते, कारण येथे लक्ष्य निर्जीव असते. परंतु हौसेच्या शिकारीलाही तीच भाषा ‘देपोर्तिवा’ म्हणते. राधानगरीच्या वाचकाला हे सहज उमगेल. आज गव्यांसाठी राखलेले दाजीपूरचे अरण्य एके काळी कोल्हापूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान होते. तेथील बंदूक आणि पॅरिसमधील बंदूक यांतील अंतर विशेषणाने स्पष्ट होत नाही. त्यासाठी नामाकडेच पाहावे लागते. शिकार म्हणजे ‘कासा’, नेमबाजी म्हणजे ‘तीरो’. म्हणून त्या विद्यार्थ्याने नुसते ‘देपोर्तिस्ता’ लिहून थांबू नये. पुढे ‘प्राक्तिका एल तीरो देपोर्तिवो’, म्हणजे ‘ते क्रीडा-नेमबाजी करतात’, हे वाक्यही जोडावे.