आत्याची सही

यंदा चवथीला बेंगळुरूहून पेडण्याला घरी गेलो होतो. माटोळी बांधून झाली, नेवऱ्यांचा पहिला घाणा निघाला आणि पुतणी लॅपटॉप घेऊन समोर बसली. ती पणजीला लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. 'कायदा आणि संस्कृती' या विषयावर दोन हजार शब्दांचा निबंध सोमवारी द्यायचा होता. "काका, तू जरा वाचून बघ. पप्पा वाचतात आणि चांगलंय म्हणतात."

वाचला. सुरुवातच अशी, की गोव्यात सगळ्या धर्मांना एकच कायदा, म्हणून गोवा आदर्श. पुढच्या परिच्छेदात मात्र गोव्यातल्या हिंदूंना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे असं ठोकून दिलेलं. हा परिच्छेद एआयने लिहिलेला. मी दिवसभर त्याच यंत्रांबरोबर काम करतो, त्यामुळे ती न अडखळता चुकीचं बोलतात हे मला ठाऊक आहे. तो कायदा गोव्याला लागूच नाही. आपल्याकडे चालतो तो १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, गोव्यात १८७० पासून. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तो तसाच ठेवला. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये आपला बदलून टाकला, आपण मात्र तोच वापरत राहिलो. वारसाहक्काचा भाग तेवढा विधानसभेने २०१२ च्या कायद्यात नव्याने लिहिला.

माझा या कायद्याशी संबंध फक्त जुलै महिन्यात येतो. गोव्याच्या नवराबायकोंना प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये 'शेड्यूल ५ए' भरावं लागतं. पगार ज्याचा त्याचा, पण व्याज, भाडं वगैरे अर्धं अर्धं. वेगळा करार न करता लग्न केलं की दोघांची मालमत्ता एक होते, त्याचा हा परिणाम. ऑफिसातल्या मित्रांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग गप्प होतात.

'एकच कायदा' हे वाक्य मी तिला खोडायला लावलं नाही. मूळ कागद वाच, एवढंच म्हणालो. तिने १८८० चा हुकूम शोधून काढला, गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींसाठी काढलेला. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा. आता तसं लग्न ऐकिवात नाही. पण सगळ्यांना एकच म्हणवणाऱ्या कायद्यात ही खास सवलत फक्त हिंदू पुरुषाला, आणि तीसुद्धा आमची संस्कृती जपण्याच्या नावाखाली. तिने ते दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

संस्कृती जपण्याची दुसरी बाजूही तिला सांगितली. जुन्या काबिजादीत १७३६ साली इन्क्विझिशनने बाटलेल्या लोकांना दारात तुळस लावायला आणि लग्नात हळद लावायला बंदी केली होती. पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे आलं ते १७८८ मध्ये. तोवर ती हवा ओसरत चालली होती आणि नव्या काबिजादीतल्या लोकांना धर्म आणि रूढी सांभाळायची हमी मिळाली. आमच्या अंगणातली तुळस त्या वाटेने राहिली, आणि तो १८८० चा हुकूमही त्याच वाटेने आला.

दुसऱ्या दिवशी आत्या दर्शनाला आली. पुतणीला आता प्रत्यक्ष उदाहरण हवं होतं. तिने विचारलं, "आजी, आजोबांच्या घरात आणि भाटात तुझा वाटा किती?"

हिशेब सोपा आहे. आजोबा गेले तेव्हा निम्मी मालमत्ता आजीची स्वतःचीच. उरलेली निम्मी मुलांत सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. आईबापांना मृत्युपत्र करूनही मुलांचा निम्मा वाटा डावलता येत नाही. तीन भावंडं, म्हणजे आत्याचा सहावा हिस्सा. आजीनंतर आणखी तेवढाच.

"मी सही करून दिली," आत्या नेवरी मोडत म्हणाली. "तुझ्या आजोबांनी आणि काकांनी मागितली नव्हती. मीच म्हटलं, आणा कागद."

"का?"

"कुळार राहायला हवं ना." आमच्याकडे माहेराला कुळार म्हणतात.

मग आत्याने सहज सांगितलं, की कागदावर तिच्या यजमानांचीही सही होती. दोघांची मालमत्ता एक, म्हणून वडिलांकडून आलेला वाटा सोडायलाही नवऱ्याची सही लागली. पुतणीने हे तिथल्या तिथे टिपून घेतलं. नवऱ्याच्या कमाईत अर्धा वाटा देणारा हाच कायदा बायकोच्या माहेरच्या भाटात नवऱ्याला अर्धा वाटा देतो. तिच्या निबंधातला माझ्या मते हाच सर्वात चांगला परिच्छेद. तो कुठल्याही पुस्तकातून घेतलेला नाही.

मी मात्र तिथे अवघडलो. त्या कागदामुळे वाढलेला वाटा माझ्या वडिलांचा, म्हणजे पुढे माझा आणि भावाचा. आत्याला दर चवथीला साडी देतो आणि ती 'कशाला रे' म्हणते, हे आजवर मला पुरेसं वाटत होतं.

गावाबाहेर स्थिरावलेल्या आपल्यातल्या गोवेकरांसाठी एक माहिती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका गोवेकर कुटुंबाच्या मुंबईतल्या घरावरून निकाल दिला. गोव्याचे अधिवासी असाल, तर गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही वारसाहक्काचा हाच कायदा लागू. पुण्यातला किंवा बेंगळुरूतला फ्लॅट फक्त मुलाच्या नावे लिहून मोकळं होता येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने गोव्याचं कौतुकही केलं आहे. पुतणीने ते कौतुक आणि १८८० चा हुकूम एकाच पानावर समोरासमोर ठेवले.

निबंध रविवारी रात्री संपला. संदर्भांच्या यादीत शेवटी तिने 'आजीशी बोलणे, पेडणे' असं लिहिलं. हे चालेल का, मला माहीत नव्हतं. राहू दे म्हटलं.

सोमवारी पहाटे बस पकडण्याआधी चहा पिताना तिने भावाला विचारलं, "पप्पा, माझी सही कधी लागणार?"

भाऊ म्हणाला, "बस चुकेल तुझी."