साबणाने धुतलेली भाषा

वाचकहो, गुप्तलिपीच्या आणि हेरांच्या गोष्टी कोणाला आवडत नाहीत? आमच्या घरी सुट्टीच्या दिवशी मुले खुणांच्या चिठ्ठ्या लिहितात. त्यांना आम्ही शेरलॉक होम्सची नाचऱ्या माणसांची कथा सांगितली. १९०३ सालच्या या कथेत प्रत्येक नाचरी आकृती म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर. इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते. म्हणून जी आकृती वारंवार दिसते ती 'ई', हा धागा धरून होम्स सारा मजकूर उलगडतो.

मुलांनी विचारले, "मग कोणालाच न फुटणारी लिपी असते का?" तेव्हा आम्ही चेस्टर नेझ यांच्याविषयी सांगितले. 'कोड टॉकर' हे त्यांचे आत्मचरित्र २०११ साली निघाले. नेझ हे अमेरिकेतील नवाहो या आदिवासी जमातीचे. लहानपणी सरकारी निवासी शाळेत मायबोलीचा शब्द निघाला, की शिक्षा म्हणून तोंडात साबण घालत.

१९४२ साली त्याच बोलीची सरकारला गरज पडली. महायुद्धात जपानी लोक अमेरिकेचे संदेश फोडत होते. तेव्हा मरीन दलाने २९ नवाहो तरुणांना बोलावले. नेझ त्यांतले एक. त्यांनी नवाहो शब्दांतूनच गुप्तभाषा रचली. रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, हातबॉम्ब म्हणजे बटाटा! सारे तोंडपाठ. जपान्यांच्या कैदेत एक नवाहो सैनिक होता, पण तो या कामातला नव्हता. छळ सोसूनही त्याला संदेशांचा अर्थ सांगता येईना. शब्द घरचे, पण कासव-बटाट्याचा मेळ लागत नव्हता. १९४५ साली इवो जिमाच्या लढाईत सहा नवाहोंनी पहिल्या दोन दिवसांत आठशेहून अधिक संदेश बिनचूक पोहोचवले. जपान्यांना ही भाषा शेवटपर्यंत फुटली नाही.

आणि मोबदला काय मिळाला? घरी परतल्यावर या कामाविषयी बोलायची बंदी! न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना राज्यांतल्या आदिवासींना मताचा अधिकार मिळाला तो १९४८ साली. गुपित खुले झाले १९६८ साली. त्या २९ जणांना सुवर्णपदके मिळाली २००१ साली, तेव्हा त्यांतले पाचच हयात होते. नेझ २०१४ साली वारले. २९ जणांतले ते शेवटचे.

ही हकिकत ऐकून आमच्या धाकटीने पुढची चिठ्ठी आजीच्या गावाकडच्या शब्दांत लिहिली. भावाने डोके खाजवले, पण अर्थ लागेना. शेवटी चिठ्ठी घेऊन तो आजीजवळच जाऊन बसला.

वाचकहो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला मुलांसमोर कधी हसू नका. त्या शब्दांची किल्ली त्यांच्याकडेच असते.