चव हवी, गाडी नको!

भुलेश्वर, महंमद अली रस्ता, झवेरी बाजारची खाऊगल्ली. जुन्या मुंबईच्या या बाजारांत आता शुल्क भरून, माहीतगाराच्या मागून, रस्त्यावरचे पदार्थ चाखण्याच्या सहली निघतात. उत्तम! परंतु पवईच्या गगनचुंबी इमारतीत परतताच याच रसिक वर्गाला फाटकाजवळची वडापावची गाडी ‘अतिक्रमण’ वाटू लागते.

ही केवळ रुचीची विसंगती नव्हे. तिच्यामागे अर्थकारण आहे. या इमारतींतील रखवालदार, मोलकरणी, बांधकाम मजूर यांची न्याहारी त्या गाडीवरच होते. तेथील अन्न स्वस्त, कारण विक्रेत्याचे सारे कुटुंब पहाटेपासून राबते आणि त्या श्रमाचे मोल कोणी धरीत नाही. म्हणजे तुटपुंजे वेतन देणाऱ्या मालकाला अनुदान देतो तो फेरीवाला! १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या कित्येक गिरणी कामगारांनी अशाच गाड्यांवर संसार सावरले. तेव्हा कोणते सरकार त्यांना काम देण्यास पुढे आले होते?

रस्ते चालण्यासाठी हवेत, हे मान्यच. मात्र दुतर्फा उभ्या खासगी मोटारींना अतिक्रमण म्हणण्याचे धैर्य कोणी दाखवीत नाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेण्याचे तत्त्व स्वीकारले, नगर पथविक्रेता समितीत त्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींना किमान ४० टक्के जागा दिल्या; आणि पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, असे कलम ३ मध्ये स्पष्ट बजावले. पवईत गाड्या उचलण्यास पथक आले की कार्यकर्त्यांनी हेच कलम पुढे ठेवून पाहणीचे कागद मागावेत.