हिरवा गॅस, पण जमीन कोणाची?



२०१८ च्या मार्चमध्ये आपण नाशिकहून चालत मुंबईला गेलो. दहावीच्या पोरांची परीक्षा होती, त्यांना अडचण नको म्हणून आपण सोमय्या मैदानावरून रात्रीच निघालो. दादर, परळ, लालबाग अंधारात पार केलं. लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्याकडेला उभे होते. १२ मार्चला आझाद मैदान गाठलं. एक मोठी मागणी होती, वनहक्काचे दावे नीट मंजूर करा. कितीतरी पाड्यांचे दावे अजून पडून आहेत. आणि आता जमीन मागणारं एक नवीन नाव आलंय, हरित हायड्रोजन.

हे काय आहे ते आधी समजून घेऊ. हायड्रोजन हा गॅस आहे. पाण्यात वीज सोडली की पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असली तर त्या गॅसला हरित म्हणायचं. खत कारखाने, तेल शुद्धीकरण, पोलाद यांना तो लागतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने यासाठी १९,७४४ कोटींची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन गॅस काढायचा आहे. जुलै २०२३ मध्ये राज्याने ८,५६२ कोटींचं धोरण मंजूर केलं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत सात कंपन्यांशी २ लाख ७६ हजार कोटींचे करार झाले.

आम्ही या गॅसच्या विरोधात नाही. अवकाळी पावसाने नागली-वरई कोणाची जाते आणि मोहाचा हंगाम कोणाचा बिघडतो, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. धूर कमी झाला तर सगळ्यात आधी आपलंच भलं आहे. पण हिशोब मांडायला पाहिजे.

एक किलो हायड्रोजनला कमीत कमी ९ लिटर शुद्ध पाणी आणि ५० युनिटच्या वर वीज लागते. समजा, एक कारखाना वर्षाला एक लाख टन गॅस काढतो. त्याला रोज निदान २५ लाख लिटर पाणी पाहिजे, म्हणजे दहा हजार लिटरचे २५० टँकर. अख्ख्या देशाच्या पाण्यात हे फार नाही. पण एकाच नदीवर, एकाच ओहोळावर ते पडलं तर? शहापूरच्या बाया विचारतील. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी दादर-गिरगावच्या नळाला जातं आणि धरणाशेजारच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो.

जमिनीचा हिशोब त्याहून मोठा. तेवढी वीज सगळी सूर्यापासून घ्यायची तर तीन हजार मेगावॅटच्या आसपास सोलर लागेल. एका मेगावॅटला चार-पाच एकर धरले तरी बारा हजार एकर होतात. म्हणजे कारखाना बंदराजवळ असला तरी त्याची मुळं दूर डोंगरात, माळावर पसरणार. कागदावर त्या जागेला 'पडीक' लिहितात. आपण तिथे गुरं चारतो, पानं-फळं गोळा करतो, राब करतो.

हे पहिल्यांदा होत नाहीये. परळ-लालबागच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून सह्याद्रीत धरणं बांधली. १९१५ ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मुळशीला १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. तरी धरण झालंच, गावं बुडाली. ती वीजपण बिनधुराची होती, आजच्या भाषेत हरितच! ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच टाटा पॉवरने भिवपुरी आणि शिरवटा इथे पाणी वर चढवून वीज साठवायच्या २,८०० मेगावॅटच्या प्रकल्पांचा राज्याशी करार केला. शंभर वर्षांनी पुन्हा तेच डोंगर.

आणि ज्या गिरण्यांसाठी गावं बुडाली, त्यांचं काय झालं? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. अनेक कामगार अजून घराची वाट बघताहेत. म्हणून लालबागच्या चाळीतला माणूस आपला वैरी नाही. रात्री त्यानेच आपल्याला पाणी पाजलं. त्याची नोकरी गेली, आपली जमीन गेली, आणि दोघांनाही आधी सांगितलं होतं 'विकास होईल'. आता या करारांत ६४ हजार नोकऱ्या सांगतात. कोणाला, किती वर्षं, कायम की ठेकेदारीवर, हे लिहून मागा.

२०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनच्या कारखान्यांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यायच्या अटीतून सूट दिली. म्हणजे त्यासाठीची जनसुनावणी नाही. २०२२ च्या नियमांनी वनहक्काची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर ढकलली. मग आपल्या हातात उरली ग्रामसभा. ती लहान गोष्ट नाही. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी 'नाही' म्हटलं आणि खाण थांबली.

म्हणून प्रत्येक पाड्यावर हे करायचं:

१. दावे पूर्ण करा. वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणालाही हुसकता येत नाही.

२. शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा कामांना कलम ३(२) मध्ये एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. त्या यादीत अपारंपरिक ऊर्जाही आहे, पण ती सरकारने चालवलेल्या सोयींसाठी; कंपनीच्या कारखान्यासाठी किंवा सोलरसाठी नाही. कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

३. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. सरपंच एकटा 'ना हरकत' लिहून देत असेल तर अडवा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद पाहिजेत, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. इतिवृत्ताची नक्कल गावाजवळ ठेवा.

४. कोणी मोजणीला आला तर त्याला मराठीत नकाशा मागा. किती जमीन, कोणत्या ओहोळाचं पाणी, विजेची लाइन कुठून, ते सभेत वाचून घ्या.

जग तापतंय हे खरं, पण ते आपल्या चुलीने तापवलेलं नाही. थंड करायच्या कामात आपण हात लावू, पण आधी विचारायला पाहिजे. न विचारता घेतलेली जमीन ही हिसकावलेलीच जमीन, तिच्यावर कोणताही रंग लावा.

जल, जंगल, जमीन आमची! उलगुलान जिंदाबाद!